अँटिक्स लिनक्स आणि लाईन गेल्यानंतरच्या सकाळी

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमचे गाव आहे आणि गावच्या वाचनालयाला लागून असलेल्या खोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालते. तिथे दोन संगणक आहेत. एक अ‍ॅटम एन270 प्रोसेसर आणि एक जीबी रॅम असलेले छोटे नेटबुक, जे नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या गावच्या एका मुलाने जाताना वाचनालयाला दिले. दुसरा इंटेलच्या जी31 चिपसेटचा मदरबोर्ड, पेंटियम ड्युअल-कोर ई5300 प्रोसेसर आणि दोन जीबी रॅम असलेला असेंबल केलेला डेस्कटॉप. नेटबुकवर विंडोज एक्सपी होते, ज्याची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी थांबली, आणि डेस्कटॉपवर विंडोज 7, ज्याची देखभाल 14 जानेवारी 2020 रोजी थांबली. दोन्ही यंत्रे धडधाकट होती, पण सुरू होऊन कामाला लागेपर्यंत मुलांचा अर्धा तास जात असे. फेब्रुवारीत मी दोन्हींवर अँटिक्स 23.2 ही जुन्या संगणकांवर चालणारी हलकी लिनक्स प्रणाली बसवली आणि तेव्हापासून दहा महिने ती रोजच्या वापरात आहे.

या परीक्षणाचा मोठा भाग अँटिक्स सुरू न झालेल्या सकाळींविषयी आहे, आणि तो मी जाणीवपूर्वक तसा ठेवला आहे. जुन्या यंत्रावर बसवलेली कोणतीही प्रणाली कधी ना कधी अडणारच. अडल्यावर ती कारण सांगते की मुकाट्याने काळा पडदा दाखवते, यावर ती खेड्यात टिकेल की नाही हे ठरते, कारण इथून संगणक दुरुस्तीला तालुक्याला न्यायचा म्हणजे एसटीचे भाडे, एक पूर्ण दिवस आणि तिथे कोण काय सांगेल याची धास्ती, असा सगळा हिशेब असतो.

अँटिक्स ही डेबियन या जुन्या, मोठ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तिची 23 ही मालिका डेबियन 12 वर उभी आहे. ग्रीसमधील थेसालोनिकी येथून ‘अँटिकॅपिटलिस्टा’ हे टोपणनाव धारण करणारी व्यक्ती आणि तिचे सहकारी ती घडवतात. बहुतेक मोठ्या लिनक्स प्रणालींत आता अंगभूत झालेले सिस्टिमडी, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणारे साधन, यात नाही; त्याऐवजी या मालिकेत सिस-व्ही-इनिट किंवा रनइट यांपैकी एक निवडता येते. फुल, बेस, कोअर आणि नेट असे चार आकार मिळतात आणि, आमच्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, प्रत्येक आकार 32-बिट आणि 64-बिट अशा दोन्ही रूपांत आहे. मी फुल घेतले. नेटबुकवर आइसडब्ल्यूएम या खिडक्या हाताळणाऱ्या हलक्या प्रोग्रॅमचा पडदा उघडून स्थिरावला की दोनशे एमबीच्या आसपास रॅम व्यापलेली दिसते. म्हणजे एक जीबीपैकी बरीचशी कामासाठी मोकळी राहते. पैसे लागत नाहीत.

पहिली अडचण माझ्याच घाईची होती. डेस्कटॉपसाठी 64-बिट फाईल उतरवली होती, तिचाच पेन ड्राइव्ह मी नेटबुकला लावला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या आणि यंत्र तिथेच थांबले. ओळींचा अर्थ असा की या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, एक्स86-64 (64-बिट) प्रोसेसर लागतो, पण येथे केवळ आय686 (32-बिट) प्रोसेसर आढळला, तेव्हा आपल्या प्रोसेसरला साजेसा कर्नल वापरावा. एन270 हा केवळ 32-बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे तक्रार अगदी रास्त होती. ही सूचना खुद्द लिनक्स कर्नलची असते, त्यामुळे तिचे श्रेय एकट्या अँटिक्सला देता येणार नाही. मात्र त्या सूचनेनंतर लावायला 32-बिट फाईल उपलब्ध असणे हे अँटिक्सचे श्रेय निश्चित आहे. लुबुंटू या दुसऱ्या हलक्या लिनक्स प्रणालीने 19.04 या आवृत्तीपासून 32-बिट रूप देणे बंद केले, आणि तिथे हीच सूचना वाचून पुढे जायला वाट उरत नाही.

32-बिट फाईल मी रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवली. पावणेदोन जीबीच्या आसपासची ती फाईल उतरताना आमच्याकडचे नेटवर्क दोन-तीनदा तुटले, पण शेवटी ‘पूर्ण झाले’ असे दिसल्याने मी निश्चिंत झालो. सकाळी नेटबुकवर अँटिक्सचा मेनू छान उघडला, थोडा वेळ मजकूर वर सरकत राहिला आणि मुख्य फाईल वाचता येत नाही अशा अर्थाची ओळ दाखवून सारे थांबले. मेनू दिसतो म्हणजे पेन ड्राइव्ह नीट तयार झाला आहे, ही समजूत अनेकांची असते आणि ती चुकीची आहे, कारण मेनू काही थोडक्या केबींचा असतो आणि खरी प्रणाली त्यामागच्या एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलीत असते. फाईल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्यासाठी तिच्यासोबत शा-256 पद्धतीचा चौसष्ट अक्षरांचा ताळा दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलीचा ताळा काढून त्याच्याशी जुळवला असता तर रात्रीच कळले असते. अँटिक्सच्या मेनूत सुरू होण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरच्या फाइली अशाच, पण एमडी5 पद्धतीच्या, ताळ्याने तपासून घेण्याचा पर्यायही आहे. त्याला ‘चेक-एमडी5’ असे नाव आहे. आठवडी बाजारातून घेतलेल्या, वर 32 जीबी छापलेल्या पण आत तेवढी जागा नसलेल्या पेन ड्राइव्हचे पितळ याच पर्यायाने उघडे पाडले. तेव्हापासून मी तो पर्याय न निवडता एकदाही नवीन पेन ड्राइव्ह वापरलेला नाही, मग त्यात पाच मिनिटे अधिक गेली तरी चालतील.

डेस्कटॉपवर बसवण्याचे काम विनासायास पार पडले. पण पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा चालू केले, तर काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राहिली. पेन ड्राइव्ह परत लावला की सारे सुरळीत. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. बायोस म्हणजे बटण दाबताच सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचाच प्रोग्रॅम. जुन्या बायोसमध्ये पेन ड्राइव्हवरून सुरुवात केली की बायोस त्यालाच पहिली हार्ड डिस्क मानतो, आणि बसवताना ग्रब हा सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्रॅम कुठे ठेवायचा असे विचारले तेव्हा मी यादीतील पहिले नाव तपासून न बघता स्वीकारले होते. प्रणाली हार्ड डिस्कवर आणि तिची किल्ली पेन ड्राइव्हवर, अशी स्थिती झाली होती. यावर अँटिक्सच्या नियंत्रण केंद्रात ‘बूट रिपेअर’ नावाचे साधन आहे. पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून ते उघडावे, ग्रब नव्याने बसवण्याचा पर्याय निवडावा आणि डिस्क निवडताना नावाऐवजी आकार बघावा. आमची हार्ड डिस्क 160 जीबीची आणि पेन ड्राइव्ह 8 जीबीचा, त्यामुळे गफलत होण्याचे कारणच उरत नाही. मोजून चार टिचक्यांत काम झाले. एवढे सोपे साधन मुळातच हाताशी ठेवणारी हलकी प्रणाली मी दुसरी पाहिलेली नाही.

आता ज्या अडचणीने मला महिनाभर छळले तिच्याकडे येतो.

मे महिन्याच्या मध्यापासून डेस्कटॉप काही सकाळी सुरू होईना. रोज नव्हे, काहीच सकाळी. आधी बायोसचा निळा-काळा पडदा सीएमओएसचा, म्हणजे बायोसच्या निवडी साठवणाऱ्या जागेचा, ताळा चुकल्याचे सांगून एफ1 दाबायला लावायचा, त्यानंतर अँटिक्सचा मेनू यायचा आणि मग पांढऱ्या अक्षरांत हार्ड डिस्कच्या मुख्य विभागाची हाताने तपासणी करावी लागेल असे सांगून कंसातल्या ‘इनिट-रॅम-एफएस’ या शब्दापुढे, म्हणजे आज्ञा लिहायच्या जागी, रेघ लुकलुकायची. मी तालुक्यातील एका दुरुस्तीवाल्याला दूरध्वनीवरून हे वाचून दाखवले. त्याने मदरबोर्ड गेला आहे असे निदान केले, लिनक्स काढून टाका असा सल्ला दिला आणि जुना बोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला, जो वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचा होता. यंत्र न पाहता दिलेले ते निदान चुकीचे होते. त्या दिवशी मी ते ऐकून डेस्कटॉप बाजूला ठेवण्याच्या बेतात होतो, याचे आजही वाईट वाटते, कारण उत्तर पडद्यावरच लिहिलेले होते.

ते उत्तर आधी अभ्यासिकेत येणाऱ्या एका बारावीच्या मुलाने दिले. मी बटण दाबणार तोच तो म्हणाला, “काकाजी, काल राती लाईन गेली होती ना, आता थे चालू नाही होत.” मी त्याला कसे माहीत म्हणून विचारले, तर त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या तारखा दाखवल्या. ज्या रात्री वादळाने किंवा भारनियमनाने वीज गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी संगणक अडला होता. ज्या रात्री वीज टिकली, त्या सकाळी तो निमूट सुरू झाला होता.

मग मी पडद्यावरचा मजकूर प्रथमच शेवटपर्यंत, शब्द न शब्द वाचला. हाताने तपासणी करा या सूचनेच्या वरच्या दोन ओळींत असे लिहिले होते की हा विभाग शेवटचा जोडल्याची वेळ भविष्यातील आहे, आणि पुढे दोन तारखा होत्या. पहिली कालची, जून 2025 मधली. दुसरी, ‘आत्ता’ या शब्दापुढची, 1 जानेवारी 2009. संगणक स्वतःला सोळा वर्षे मागे समजत होता आणि कालची नोंद पाहून तो बुचकळ्यात पडला होता.

कारण असे. मदरबोर्डवर सीआर2032 हा तीन व्होल्टचा बटण सेल असतो आणि संगणकाचे घड्याळ व बायोसमधील निवडी तो राखून ठेवतो. तो संपला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण संगणक बंद असतानाही पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज पुरवत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. रात्री लाईन गेली की तो आधारही जातो, बायोस आपल्या कारखान्यातील मूळ तारखेवर परततो, आणि सकाळी लिनक्सची तपासणी करणारा प्रोग्रॅम कालच्या नोंदी पाहून चक्रावतो. फरक एका दिवसाच्या आतला असेल तर तो स्वतःच दुरुस्त करून पुढे जातो. वर्षांचा असेल तर माणसाला विचारल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही. ही सावधगिरी मला योग्य वाटते. ज्या यंत्राला आजची तारीख ठाऊक नाही त्याने मनानेच फाइली दुरुस्त करत सुटावे असे कोणाला वाटेल?

म्हणून उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी एफ1 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जावे, तारीख-वेळ बरोबर करावी, ते जतन करून बाहेर पडावे. आमच्याकडे बहुतेक वेळा एवढ्यावरच अँटिक्स कुठलीही कुरकुर न करता सुरू झाले. तारीख दुरुस्त करूनही तपासणीची मागणी कायम राहिली, तर वीज अवेळी गेल्यामुळे नोंदी खरोखर विस्कटलेल्या असू शकतात. तेव्हा त्या लुकलुकणाऱ्या रेघेपुढे एफएससीके ही आज्ञा, त्यापुढे जागा सोडून पडद्यावरच दिलेले विभागाचे नाव, असे लहान इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर करावे, प्रत्येक प्रश्नाला वाय असे उत्तर द्यावे आणि शेवटी एक्झिट लिहावे. आमच्यावर ही पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा फाइली शाबूत राहिल्या. चुकीच्या तारखेचा आणखी एक उपद्रव लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रणाली कशीबशी सुरू झाली तरी ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अजून वैध नाही म्हणून नाकारतो, आणि लोक इंटरनेट बंद पडले असे समजून राउटरशी झटत बसतात.

नवीन सेल आर्वीच्या घड्याळाच्या दुकानात चाळीस रुपयांना मिळाला. बदलायला दोन मिनिटे लागली. ती मे-जूनची अडचण त्यानंतर एकदाही आलेली नाही.

इतर दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपला दुसरा मॉनिटर लावला तेव्हा मेनूनंतर पडदा काळा राहिला, पण हार्ड डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत होता. म्हणजे प्रणाली सुरू होत होती, चित्र तेवढे येत नव्हते. पेन ड्राइव्हच्या मेनूतील ‘सेफ व्हिडिओ’ने लगेच चित्र आले. बसवलेल्या प्रणालीत हेच करायचे तर ग्रबच्या मेनूवर ‘ई’ कळ दाबून लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजीत लिहावा आणि एफ10 दाबावी. त्याच ओळीतील ‘क्वाएट’ हा शब्द खोडला तर सुरू होतानाचा सारा मजकूर दिसू लागतो, आणि कोणतेही यंत्र कुठे अडते ते शोधायला यासारखी दुसरी युक्ती नाही. नोमोडसेट कायमचे ठेवल्यास व्हिडिओ अडखळतात, म्हणून मी शेवटी जुनाच मॉनिटर परत जोडला.

दुसरी गोष्ट आमच्या भागातली आहे. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या खोलीत वेचणीचा कापूस भरून ठेवला होता. त्यानंतर डेस्कटॉप मेनूपर्यंत येऊन अर्ध्या मिनिटात आपोआप बंद पडू लागला. झाकण उघडले तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, धातूच्या पात्यांवर, कापसाच्या तंतूंची आणि धुळीची गादी बसली होती, जाड नव्हे पण सलग, पेळूसारखी दाबलेली. ती मऊ ब्रशने काढली आणि यंत्र पूर्ववत झाले. यात प्रणालीचा काही संबंध नाही. तरी कापूस घरात असणाऱ्यांनी लिनक्स पुन्हा बसवण्यापूर्वी झाकण उघडून बघावे, एवढ्यासाठी लिहिले.

अँटिक्समधील उणिवाही मोकळेपणाने सांगायला हव्यात. मेनू गर्दीचे आहेत. एकाच कामासाठी तीन-तीन प्रोग्रॅम दिलेले असल्याने नवख्या मुलांना कोणता उघडावा ते समजत नाही. मदतीची पाने इंग्रजीत आहेत आणि मराठी निवडले तरी बऱ्याच ठिकाणी इंग्रजीच दिसते. देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज टाकावे लागते. इन्स्क्रिप्ट कळफलक मात्र नीट चालतो. नेटबुकचा पडदा 1024 गुणिले 600 एवढाच असल्याने काही खिडक्यांची खालची बटणे पडद्याबाहेर जातात आणि ऑल्ट कळ दाबून ती खिडकी वर ओढावी लागते, हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. पपी लिनक्स ही दुसरी हलकी प्रणाली याहून चपळ आहे, ते संपूर्ण रॅममध्ये चालते. परंतु त्यात साधारणपणे सर्वाधिकार असलेल्या खात्यानेच काम होते आणि ज्या यंत्रावर दिवसाला वीस मुले बसतात तिथे मला ते धोक्याचे वाटते.

नेटबुकच्या भवितव्याची चिंता मात्र अँटिक्सच्या हातातली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणे थांबवले. क्रोमने 32-बिट लिनक्सला 2016 मध्येच निरोप दिला होता आणि आता फायरफॉक्सनेही 145 या आवृत्तीपासून तो दिला आहे. डेस्कटॉपला याची झळ नाही, कारण ई5300 हा 64-बिट प्रोसेसर आहे आणि त्यावर मी 64-बिट अँटिक्सच बसवले आहे. नेटबुकला मात्र ती बसते, म्हणून त्याचे वायफाय मी नुकतेच बंद केले. आता त्यावर मराठी टंकलेखनाचा सराव, उतरवून ठेवलेल्या प्रश्नपत्रिका आणि शब्दकोश एवढेच असते, आणि सकाळी सात वाजता कळफलकासाठी मुलींचा नंबर लागलेला असतो. डेस्कटॉपच्या झाकणावर त्या बारावीच्या मुलाने स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवला आहे: सुरू न झाल्यास आधी तारीख बघा, मग पडद्यावरची वरची ओळ वाचा, मग काकाजींना बोलवा. ताळा जुळवलेले दोन पेन ड्राइव्ह, एक 32-बिट आणि एक 64-बिट, टेबलाच्या खणात नाव लिहून ठेवलेले आहेत. आसपासच्या गावांतील वाचनालयांना हवे असल्यास त्यांची प्रत मी करून देतो.